स्विफ्टचा स्टिरिओ बदलला: आधी दाराचं काम करा, स्क्रीनचं नंतर बघा

आमची स्विफ्ट २०१३ ची, व्हीडीआय, ते फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिनवाली. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, त्यामुळे ही विकून तशीच नवी आणायचा प्रश्न येत नाही, इंजिन ठणठणीत आहे, आरसीची पंधरा वर्षं व्हायला अजून वेळ आहे, म्हणून ठरवलं की जेवढी वर्षं चालवायची तेवढी वर्षं गाणं नीट ऐकत चालवायची. महिन्यातून दोनदा तरी पुणे-कराड होतं, आईबाबा तिकडे असतात, आणि बाबा गाडीत बसले की अभंग नाहीतर नाट्यगीतं लागतातच. हा रिव्ह्यू सामानाचा पण आहे आणि दुकानाचा पण, कारण या कामात दोन्ही वेगळं करता येत नाही. तोच स्पीकर एका हाताने बसवला तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि दुसऱ्या हाताने बसवला तर अंगावर काटा येतो, हे मी स्वतःच्या गाडीत दोनदा ऐकलंय.

आधी मूळ सिस्टिमबद्दल सांगतो. कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डमध्येच घडवलेला आहे, सीडी, यूएसबी, ऑक्स, ब्लूटूथ नाही, आणि चार दारांत चार स्पीकर, ट्विटर (वरच्या बारीक आवाजाचे लहान स्पीकर) नाहीत. स्पीकर हातात घेऊन बघितला तर कागदाचा कोन आणि मागे लहानसा मॅग्नेट, वजन काहीच नाही. शब्द कळायचे पण वाद्यं कळायची नाहीत. पखवाजाचा धुमा यायचाच नाही, नुसती टकटक, टाळ म्हणजे खसखस, आणि नाट्यगीतातला ऑर्गन आणि गायकाचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा. त्यात इंजिनचा खडखडाट, म्हणजे आवाज वाढवायचा, वाढवला की दाराचा पॅड थरथरायचा, मग परत कमी करायचा. प्रत्येक प्रवासात हेच.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या चकाचक अ‍ॅक्सेसरी शोरूममध्ये गेलो आणि ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवून आलो. कुठलं दुकान, कुठली कंपनी ते सोडा, नाव सांगायचं नाहीये. पण काय झालं ते सांगतो म्हणजे तुमचं तरी नुकसान होणार नाही. बॉक्सवर ४ × ६० वॅट छापलेलं. काम पाऊण तासात झालं, तेव्हा मला वाटलं वा काय फास्ट पोरं आहेत. नंतर कळलं की कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापून वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. एप्रिल-मे मध्ये गाडी उन्हात उभी राहिली की त्या टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, मग कधी डावा स्पीकर बंद, कधी उजवा. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली, कारण स्क्रीन बंद दिसत असली तरी आतून करंट ओढत होती. चावी फिरवल्यावर चालू व्हायला अर्धा मिनिट, तोवर रिव्हर्स कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही, गाडी पार्किंगमधून बाहेर काढून झालेली असते. एफएम आधी खंबाटकीपर्यंत छान यायचं, ते आता कात्रजच्या पुढे गेलं की खरखर, आणि त्याचं कारण काय तर अँटेनाची पिनच पूर्ण आत बसवली नव्हती. आणि आवाज? स्पीकर तेच जुने, दार तेच, त्यामुळे आवाज होता तसाच, उलट थोडा कर्कश झाला. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले अँड्रॉइडमध्ये असं होतंच. मला खरंच राग आला होता, आणि अजून येतो, कारण माणूस कष्टाचे पैसे घेऊन विश्वासाने जातो आणि त्याच्या गाडीच्या वायरी विचारल्याशिवाय कापल्या जातात.

यावेळी दोन महिने वाचलं, लोकांना विचारलं, आणि नाना पेठेत आत एका गल्लीत लहानसं दुकान आहे तिथे गेलो. दोन कारागीर आणि मालक, बस. गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते, बसायला एक स्टूल. पण मालकाने पहिला प्रश्न काय विचारला तर "ऐकता काय?" बजेट नाही, स्क्रीन किती इंची पाहिजे नाही. मी म्हटलं अभंग, नाट्यसंगीत, जुनी गाणी, बायको थोडी नवीन लावते. मग त्यांनी गाडीत बसून माझंच गाणं पाच मिनिटं ऐकलं, दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, स्टिरिओ नंतर बघू, तुमचं दार वाजतंय." मागच्या स्पीकरचा विषय मीच काढला तर म्हणाले कशाला, मागे कोण बसतं रोज, ते आहेत ते राहू द्या, फक्त त्यांचा आवाज कमी ठेवू. विकायची संधी समोर असताना जो दुकानदार नको म्हणतो त्याच्यावर मी विश्वास ठेवतो.

दाराचं काम मी उभा राहून बघितलं, आणि ते बघण्यासारखंच होतं. दाराचा पॅड काढला की आत एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्याच्या मागे पत्रा, आणि त्या पत्र्याला मोठमोठी भोकं. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो, आणि मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे आली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो खालचा आवाज, म्हणजे आपला डग्गा, पखवाज, बेस. म्हणून कितीही महाग स्पीकर टाका, दार उघडं असेल तर बेस येणार नाही. चाचा, म्हणजे तिथले जुने कारागीर, त्यांनी आधी थिनरने पत्रा पुसून धूळ-तेल काढलं, मग ब्यूटाइल रबरचे शीट, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले, आधी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवले, मग आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, आणि लहान लोखंडी रोलरने इतकं दाबून फिरवलं की शीटवरची नक्षी सपाट झाली. नक्षी दिसत राहिली म्हणजे नीट चिकटलं नाही, असं चाचा म्हणाले. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात ती मात्र मुद्दाम उघडी ठेवली, नाहीतर पावसाळ्यात पाणी साठून दार सडतं. खिडकीची काच खालीवर करून तीनदा तपासली. एका दाराला दीड तास लागला.

इथे एक सांगतो, बाजारात डॅम्पिंग म्हणून, म्हणजे पत्र्याची थरथर मारायच्या याच कामाला, डांबराचे शीट पण खपवतात, गच्चीला वॉटरप्रूफिंगला लावतात त्या जातीचे. स्वस्त पडतं पण आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत डांबराचा वास मारतो आणि शीट मऊ होऊन खाली सरकतो. विचारून घ्या, हातात घेऊन वास घेऊन बघा, ब्यूटाइलला तसा वास येत नाही.

काम झाल्यावर स्पीकर लावायच्या आधीच दार लावून बघितलं. आधी खण्ण वाजायचं ते आता थप्प असं बंद होतं, मोठ्या गाडीसारखं. आणि रस्त्याचा, इंजिनचा आवाज पण थोडा कमी झाला, तो माझ्या दृष्टीने फुकटात मिळालेला फायदा.

स्पीकर घेतले ते इन्फिनिटीचे कंपोनंट, साडेसहा इंची, म्हणजे खालच्या आवाजाचा वूफर दारात, ट्विटर वेगळा आरशाच्या मागच्या त्रिकोणात आणि मध्ये क्रॉसओव्हर, जो खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्विटरला वाटून देतो. कंपनीच्या स्पीकरची कडा आणि स्क्रूची जागा वेगळी असते त्यामुळे रिंग लागते, ती प्लास्टिकची न लावता चाचांनी मरीन प्लायची कापून, रंग मारून लावली आणि कडेने फोम. ट्विटर वर असल्यामुळे आवाज गुडघ्याजवळून न येता समोरून येतो, हा फरक सगळ्यात आधी जाणवतो.

आता वॅटचं, कारण इथे सगळे फसतात, मी पण फसलोय. गाडीचं इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. स्टिरिओच्या आत व्होल्टेज वाढवायची काही सोय नसेल तर हिशेब करून बघा, एका स्पीकरला आदर्श परिस्थितीत सुद्धा स्वच्छ असे जास्तीत जास्त २६ वॅट निघतात, आणि प्रत्यक्षात १८-२० धरा. मग बॉक्सवर ५०, ५५, ६० काहीही छापलेलं असो, तो आकडा क्षणभराच्या कमालीचा, तोही आवाज फाटलेला असताना. म्हणून आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर बघायची, मॅक्स बघायचं नाही. आणि अ‍ॅम्प, म्हणजे पॉवर वाढवणारा वेगळा डबा, लावणार नसाल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते बघा, ९० डीबीच्या वरची घ्या. ८८ च्या ऐवजी ९१ डीबीचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच वॅटमध्ये इतका मोठा वाजतो की जणू दुप्पट पॉवर दिली. हे कुठल्याच शोरूममध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं, नाना पेठेत स्टुलावर बसून कळलं.

स्टिरिओ म्हणून पायोनियरचा डबल डिनवाला, ७ इंचाच्या आसपासचा टचस्क्रीन घेतला. मॉडेल नंबर देत नाही, दरवर्षी बदलतात, तुम्ही तीन गोष्टी बघा: टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरला किंचित थांबवायची सोय) आहे का, १३ बँडचा इक्वलायझर (आवाजाच्या १३ पट्ट्या वेगवेगळ्या कमीजास्त करायची सोय) आहे का, आणि हाय पास-लो पास फिल्टर (कुठल्या स्पीकरला वरचा आवाज द्यायचा, कुठल्याला खालचा, ते ठरवणारे) आहेत का. डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरचं ठरलेलं माप, जर्मनीच्या मानकावरून आलेलं, त्यामुळे स्विफ्टच्या वाकड्या डॅशला फ्रेम लागतेच. चावी फिरवली की काही सेकंदात चालू, कॉल स्पष्ट, मॅप फोनवरून. स्क्रीन अँड्रॉइडपेक्षा लहान आहे आणि दुपारच्या उन्हात चमक मारते, साताऱ्याकडे जाताना ऊन समोरून आलं की हाताने आडोसा करून मॅप बघावा लागतो. पण आवाज, विचारूच नका. कापलेल्या वायरींना चाचांनी एकेक करून सोल्डर मारून, स्लीव्ह घालून परत कंपनीचा कपलर जोडून दिला, म्हणजे उद्या मूळ स्टिरिओ लावायचा म्हटलं तर पाच मिनिटांत लागेल. तो जुना स्टिरिओ मी जपून ठेवलाय, तुम्हीही टाकू नका.

सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेसचा स्पीकर, सोनीचा, सीटखाली जाणारा ८ इंची, अ‍ॅम्प आतच असलेला. डिकी मोकळी राहिली पाहिजे हे बायकोचं म्हणणं होतं आणि बरोबर होतं, कराडहून येताना तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, काय काय असतं. लग्नाच्या वरातीसारखा दणका हवा असेल तर हा घेऊ नका, तो याचं काम नाही. पण पखवाजावर थाप पडली की ती आता छातीत कळते आणि लगेच थांबते, घुमत राहत नाही. पॉवरची वायर थेट बॅटरीपासून, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, आणि आरसीए वायर, म्हणजे स्टिरिओकडून सबकडे गाणं नेणारी, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. दोन्ही एकत्र नेल्या की एक्सलेटर दाबला की स्पीकरमधून कुईं आवाज चढत जातो, तो तुम्ही कोणाच्या तरी गाडीत ऐकला असेलच. फ्यूज बॅटरीपासून लांब असेल किंवा नसेलच तर तिथून उठून निघून या, वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते.

ट्यूनिंगला मालक स्वतः बसले, संध्याकाळी सातनंतर, रस्ता जरा शांत झाल्यावर. दाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल बेस, देणं बंद केलं, ते सगळं सबकडे. तेवढ्यानेच दार थरथरायचं थांबलं. मग टेप घेऊन माझ्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं. उजवा जवळ, डावा साधारण अर्धा मीटर लांब, आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो म्हणजे डाव्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल, पण उजवा स्पीकर तेवढा थांबवला आणि गाणारा माणूस दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला. तानपुरा मागे पसरलेला, तबला थोडा डावीकडे, टाळ वर. मी पाच मिनिटं काहीच बोललो नाही. जे रेकॉर्डिंग लहानपणापासून ऐकतोय त्यात मागे दुसरा आवाज साथ करतोय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन निघालो. ते डावीकडे बसलेले, शिरवळपर्यंत गप्प, मग म्हणाले, "छान आहे रे, पण बुवा तुझ्याच बाजूला का बसलेत?" बरोबर होतं त्यांचं, सगळी मापं माझ्या सीटची होती, डावीकडच्याला सगळं उजवीकडे ओढल्यासारखं लागतं. येताना दुकानात थांबलो, तिथे दुसरं सेटिंग करून दिलं, टाइम अलाइनमेंट बंद आणि बॅलन्स मधे, एक रुपया घेतला नाही. आता मी एकटा असलो की माझं, बाबा असले की त्यांचं. परतीच्या खंबाटकीच्या बोगद्यात एरवी गाणं बंद करावं लागायचं, आता काच वर केली की बोगद्यातही शब्द न् शब्द कळतो.

एक आणखी, गाणं कुठून वाजवता यावर पण बरंच आहे. कोणीतरी डाउनलोड करून पाठवलेली १२८ केबीपीएसवाली, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल ब्लूटूथवरून लावली तर या सिस्टिमवर ती जास्तच वाईट वाजते, कारण आता दोष पण ऐकू येतात. मी चांगल्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्या, नाहीतर फोन वायरने जोडतो.

खर्च लिहितो, लोकं विचारतातच. स्टिरिओ २१,५००, कंपोनंट स्पीकर ८,२००, सब १३,५००, पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग ४,८००, फ्रेम आणि कपलर १,९००, वायरिंग किट १,९००, मजुरी ४,०००. एकूण ५५,८००. जीएसटीचं बिल आणि कंपनीची वॉरंटी कार्डं, दोन्ही मिळालं, बिल घ्याच, दुकानाची वॉरंटी म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेली एक ओळ असते.

आता जे आवडलं नाही ते. एका दिवसात देतो म्हणाले आणि दोन दिवस लागले, दुसऱ्या दिवशी मला रिक्षाने ऑफिसला जावं लागलं आणि फोन मीच करायचा, ते स्वतःहून कळवत नाहीत. डाव्या दाराच्या पॅडची एक क्लिप काढताना तुटली होती, ती मला सांगितली नाही, आठवड्याने तिथून बारीक किरकिर यायला लागली. परत गेलो तर लगेच नवीन क्लिप लावून दिली, पण आधी सांगायला हवं होतं. फ्रेमचं प्लास्टिक डॅशच्या रंगाशी जुळत नाही, थोडं जास्त काळं आहे. आणि सबमुळे मागे बसणाऱ्याचे पाय माझ्या सीटखाली जात नाहीत, उंच माणूस असेल तर लांबच्या प्रवासात त्याला त्रास होतो, हे आधी बसून बघायला हवं होतं.

माझा मेव्हणा पण स्विफ्टवालाच. त्याने माझं ऐकून वेगळंच केलं, कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवला, फक्त दोन दारांचं डॅम्पिंग आणि हेच कंपोनंट, मजुरी २,००० धरून बरोबर १५,००० मध्ये झालं. त्याच्या गाडीत बसून ऐकलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या फरकातला अर्ध्याहून जास्त फरक तिथेच आहे. सब नाही त्यामुळे पखवाज तितका खाली जात नाही, आवाज मधोमध येऊन बसत नाही, पण शब्द, टाळ, ऑर्गन, सगळं मोकळं झालंय. तेव्हा पैसे कमी असतील तर एवढंच करा, स्टिरिओ आणि सब पुढच्या वर्षी, वायरिंग तेच राहतं, काही वाया जात नाही. अँड्रॉइड स्क्रीन आधी आणि दार नंतर असं मात्र करू नका, मी करून बसलोय.

मागच्या दोन दारांचं डॅम्पिंग दिवाळीनंतर करायचंय, स्पीकरसाठी नाही, नुसता रस्त्याचा आवाज कमी व्हावा म्हणून. चाचांनी सांगितलंय की गाडी धुवून, पूर्ण वाळवून आणा, पावसात ओल्या दाराला शीट धरत नाही, आणि मागचा पेन ड्राइव्ह पण घेऊन या, त्यांना ते अभंग परत ऐकायचेत.